एनिडच्या डाव्या कानाचा संशय

मी एनिडच्या डाव्या कानातलं यंत्र बोलतोय. ऐकणं माझं काम, बोलणं नाही. आज पहिल्यांदाच तोंड उघडतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या. आणि एक आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. असणारच. बहिऱ्या माणसासमोर लोक काय काय बोलतात ते तुम्ही ऐकलेलं नाही, मी ऐकलंय. समोर म्हणायचं, छान दिसतेस हो एनिड, आणि पाठ वळली की म्हणायचं, हिचं आता काही खरं नाही. त्यांना वाटतं म्हातारीला कुठे कळतंय. म्हातारीला नसेल कळत, पण मला कळतं, आणि मी ते इमानेइतबारे तिच्या कानात घालतो.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका कारखान्यात झाला. अंगाला रंग दिला तो मुद्दाम असा, की चार लोकांत कुणाची नजर पडू नये. ना गोरा, ना सावळा, शिळ्या चहासारखा. तिथून समुद्रापार इंग्लंडला आलो, आणि यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या एका सरकारी दवाखान्यात एका मुलीने मला एनिडच्या कानामागे बसवलं. उजवा कान केव्हाच कामातून गेला होता, डाव्यात थोडी धुगधुगी होती. एनिड म्हणाली, मी बहिरी नाही, हल्ली लोकच पुटपुटतात. तिचा नवरा वॉल्टर शेजारी बसला होता. तो म्हणाला, "इतकी वर्षं मी पुटपुटतोय होय?"

"तूच तर सुरुवात केलीस," एनिड म्हणाली.

घरी आल्यावर तिने मला काढून चमच्यांच्या खणात टाकलं. तिथे किसणीशेजारी मी पडून होतो, वॉल्टर जाईपर्यंत. तो गेल्यावर एक दिवस खण उघडला, मला फडक्याने पुसलं आणि कानात घातलं. रिकाम्या घरात निदान दार वाजलेलं तरी कळावं, एवढीच तिची अपेक्षा होती. तेव्हापासून मी नोकरीवर आहे.

एनिड आणि वॉल्टर मासे विकायचे. पहाटे किनाऱ्यावर जाऊन मासळी घ्यायची, गाडीत बर्फावर मांडायची आणि डोंगरातल्या वाड्यावस्त्या फिरायच्या. गाडी वॉल्टर चालवायचा आणि हाक एनिड मारायची. तिची हाक दोन कुरणं ओलांडून पलीकडे जायची म्हणतात. मी ती ऐकलेली नाही, पण आवाजात तिचा अंश अजून आहे, त्याला मी साक्षीदार आहे. मासेवालीचं एक बरं असतं, गिऱ्हाईक मासा घेवो न घेवो, तिचं बोलणं ऐकून जातं. गाडी विकली आणि ऐकणारे संपले. आता तिच्याशी लोक बोलतात ते मोठ्याने, तुकड्या तुकड्यात, आणि उत्तराची वाट न बघता.

तरी रविवार होता. रविवारी आम्ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या सभेला जातो. ही मंडळी देवाची आराधना गप्प बसून करतात. पाद्री नाही, गाणं नाही, घंटा नाही. खुर्च्या गोल मांडायच्या, मधल्या टेबलावर बागेतली चार फुलं ठेवायची आणि तासभर बसायचं. कुणाला आतून खरोखरच काही आलं, तर उठून दोन वाक्यं बोलायची आणि परत बसायचं. समोर न्यायाधीश असला तरी त्याला नुसत्या नावाने आणि अरे-तुरेनेच बोलायचं. कोर्टात ही माणसं शपथसुद्धा घेत नाहीत. म्हणतात, शपथेवर खरं बोलायचं, तर मग एरवी काय बोलतो आपण? मला त्यांचं हे पटतं. ही माणसं शांतता शांतता म्हणतात ते मात्र मला विचारा. कुणाचं पोट गुरगुरतं, खोली उबदार ठेवणाऱ्या नळांत पाणी खुळखुळतं, आणि ऑल्विनचा गुडघा दर थोड्या वेळाने कुरकुरतो.

ऑल्विन म्हणजे सभेचा चिटणीस, निवृत्त पोस्टमन. त्याच्या मनाला एक घोर लागून राहिला होता. खुर्च्या ढिगाने आणि माणसं मोजकीच, तीही सगळी पिकल्या केसांची. अशीच चार वर्षं गेली तर सभाघराला कुलूप लागणार. त्यामुळे ब्रायनी दारात उभी राहिली तेव्हा ऑल्विनच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की मी लगेच सावध झालो.

ब्रायनी तिशीतली. शहरात रेडिओवर काम करायची, ते सोडून इथे भाड्याच्या घरात येऊन राहिली होती. का सोडलं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या मनात पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली. जिचा सगळा जन्म आवाजात गेला, ती गप्प बसणाऱ्यांत येऊन काय करतेय? पाणी कुठेतरी मुरतंय. पुढच्या रविवारी ती मागच्या खोलीत कपबश्या विसळता विसळता फोनवर कुणाला तरी म्हणाली, "इथे नुसतं सोनं पडलंय, कुणी उचलत नाही एवढंच." आमच्या सभाघरात सोनं म्हणावं असं काहीही नाही. चहाची किटलीसुद्धा पोचे आलेली आहे. मी ते वाक्य जसंच्या तसं एनिडच्या कानात घातलं. तिने ऐकलं, आणि टॉवेल घेऊन ब्रायनीच्या कपबश्या पुसायला लागली.

महिनाभराने सोनं म्हणजे काय ते बाहेर आलं. ब्रायनीला पॉडकास्ट काढायचा होता. अध्यात्मावर. शांत बसणाऱ्या माणसांशी गप्पा, कुणीही कुठेही फोनवर ऐकाव्यात अशा. ऑल्विनला तर आभाळ ठेंगणं झालं, लोक ऐकतील आणि सभेला येतील म्हणून. पण क्वेकरांत असं एकट्याने ठरत नाही, आणि मतंही मोजत नाहीत. सगळ्यांनी मिळून शांत बसायचं, ज्याला जे वाटतं त्याने ते बोलायचं, आणि सगळ्यांचं मन एकीकडे वळलं असं चिटणिसाला जाणवलं तरच ठराव लिहायचा. एकाचं जरी मन अडलं, तरी थांबायचं. म्हणून असं ठरलं, की आधी नमुना म्हणून एक भाग करून बघावा, आणि मग सभेपुढे आणावा. नमुन्यासाठी ब्रायनीने निवडली आमची एनिड.

झालं, गुरुवार सुरू झाले. दर गुरुवारी दुपारी ब्रायनी बन घेऊन यायची, पावाच्या डब्यावर माईक उभा करायची, खाली घडी घातलेला टॉवेल, म्हणजे टेबलाचा खडखडाट नको. मग विचारायची, आणि एनिड सांगायची. वॉल्टरचं, गाडीचं, बर्फात अडकून पडलेल्या एका रात्रीचं, लहानपणी आईबरोबर सभेत बसून चुळबुळ केल्याचं. ब्रायनी मधे बोलायची नाही. गुडघ्यावर कोपर टेकून ऐकायची. मी तिच्या श्वासावर कान ठेवून होतो. कंटाळलेल्या माणसाचा श्वास मला लांबून कळतो, डॉक्टरचा कळतो, एनिडच्या भाचीचा तर फोनवरूनही कळतो. हिचा मला सापडला नाही. पण रेडिओतली माणसं, त्यांना श्वासाचंही शिक्षण असेल, कुणी सांगावं.

बुधवारी रात्रीच एनिड दोन कप काढून ठेवायला लागली. इतकी वर्षं तिच्या कानात राहतोय, पण कपड्यांना इस्त्री करताना ती गुणगुणते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला धडकी भरली. ही पोरगी हिच्यासाठी येते की हिच्या आवाजासाठी? काम झालं की ही येईल का? आणि नाही आली, तर या बाईचं काय होईल? मला यंत्राला काळीज नाही म्हणतात, पण हा प्रश्न मला पडला होता.

आणि मग आणखी एक गोष्ट घडली, तिच्यामुळे माझा संशय ब्रायनीवरून उडून थेट माझ्या मालकिणीवर जाऊन बसला. एनिडचा आवाज बदलायला लागला. माईक समोर आला की ती हळू, ओलसर, लांबवत बोलायची. 'मन' म्हणताना मधे फुंकर घालायची. मी इतक्या वर्षांत त्या गळ्यातून मासेवालीचा खणखणीत आवाज ऐकत आलो, हा कुठून आला? आधी तो फक्त गुरुवारी यायचा, मग इतर वारीही यायला लागला. गॅसचं मीटर बघायला माणूस आला, त्याला दारातच म्हणाली, "शांती ही आतूनच यावी लागते."

तो म्हणाला, "ते खरंय बाई, पण मीटर कुठाय?"

मी शरमेने मेलो. ओरडावंसं वाटलं, अगं, काय हे, तुझी ती दोन कुरणं ओलांडणारी हाक कुठे गेली? पण मला ओरडता येत नाही, फार तर शीळ वाजते. ती वाजवली. तिने मला काढलं, फुंकलं आणि परत बसवलं.

नमुन्याच्या शेवटच्या गुरुवारी ब्रायनीने एकच प्रश्न विचारला. "एनिड, तुला मरणाची भीती वाटते का?"

एनिड गप्प झाली. तो ओलसर आवाज लावायची तयारी मला घशात ऐकू आली होती, पण तो बाहेर आलाच नाही. फ्रिज घुमत होता. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकून थांबलं. ती बोटातली अंगठी फिरवत होती आणि वॉल्टरच्या खुर्चीकडे बघत होती. तिचं काळीज कानापर्यंत ठोके देत होतं. खूप वेळाने ती म्हणाली, "हो. वॉल्टरला नव्हती. मला आहे." हे तिच्या स्वतःच्या आवाजात होतं. मी तिला इतकं खरं बोलताना क्वचित ऐकलंय.

चार दिवसांनी ब्रायनी नमुना ऐकवायला आली. दोघी टेबलापाशी बसल्या. एनिडचा ओलसर आवाज खोलीभर पसरला आणि तिच्या मानेवर घाम आला, मला तो जाणवला. मग तो प्रश्न आला. मरणाची भीती वाटते का? आणि लगेच, मागोमाग, टेनिसचा चेंडू परतवावा तसं उत्तर. हो, वॉल्टरला नव्हती, मला आहे.

"मागे घे," एनिड म्हणाली. परत ऐकलं. तसंच होतं.

"इथे मी थांबले होते," ती म्हणाली.

ब्रायनीचे कान लाल झाले. तिने सांगितलं की तिचं संपादनाचं यंत्र बोलण्यातल्या मोकळ्या जागा आपोआप कापतं. "मी मुद्दाम नाही केलं. पण लक्षात आल्यावर राहू दिलं."

"परत घालता येईल?"

"येईल. पण लोक तेवढं थांबत नाहीत, एनिड. दोन श्वास आवाज आला नाही की त्यांना वाटतं काहीतरी बिघडलं, आणि ते दुसरीकडे जातात."

एनिडने मान हलवली. मग विचारलं, "आणि बाकीचा तो आवाज कुणाचा?"

"तुझाच."

"मी अशी बोलते?"

ब्रायनीने खोटं बोलायला हवं होतं. मी वाट बघत होतो. म्हणजे ती माझ्या तावडीत सापडली असती. ती म्हणाली, "माईक असला की."

रविवारी आराधना झाल्यावर सगळे तसेच बसून राहिले आणि ऑल्विनने विषय काढला. एकेक जण बोलला. सगळ्यांना हवं होतं. एक म्हणाली, माझा मुलगा ऐकेल, तो इथे येत नाही पण फोन कानातून काढत नाही. ऑल्विन कुलपाचं बोलला. इथे होकार 'आशा आहे' असं म्हणून देतात, हो म्हटलं तर देवाच्या वतीने बोलल्यासारखं होतं म्हणून. गोलातून 'आशा आहे, आशा आहे' असं कुजबुजत यायला लागलं, आणि ऑल्विनने पेन उचललं. माझ्या मनात आलं, आता ही उठणार आणि त्या ओलसर आवाजात होकार भरणार. तिचा जीव त्यातच अडकलाय, तिला गुरुवार हवेत.

एनिड उठली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. ऑल्विनचा गुडघासुद्धा गप्प झाला.

"मला हे व्हायला हवंय," ती म्हणाली, आणि आवाज असा निघाला की मी स्वतःचा आवाज कमी केला. "दर गुरुवारी कुणीतरी माझ्या स्वयंपाकघरात बसून माझं ऐकतं. वॉल्टर गेल्यापासून कुणी ऐकलं नव्हतं. मला ते फार आवडलं. इतकं आवडलं, की मी माझा आवाज बदलला आणि मला कळलंही नाही. पॉडकास्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मी होकार दिला, तर तो कशासाठी दिला हे मला ठाऊक आहे. माझ्या होकारावर माझाच विश्वास नाही. म्हणून मी तो देऊ शकत नाही."

आणि बसली. मी जन्मभर जगाचा संशय घेत आलो, पण असा संशय घ्यायला मला जमलं नसतं.

मग ऑल्विन म्हणाला, "मग आपण थांबू." आत्ता नाही, एवढाच ठराव त्याने लिहिला आणि वाचून दाखवला. 'आशा आहे' असं पुन्हा गोलातून आलं. त्यात एक फार बारीक आवाज ब्रायनीचा होता. तो मनातून आला की दातांतून, ते मला ओळखता आलं नाही. चहाला न थांबता ती निघून गेली. तिच्या गाडीचं दार मी ऐकलं, जरा जोरातच लागलं.

मी मनात म्हणालो, बघा. आवाज मिळाला नाही, पाखरू उडालं.

बुधवारी रात्री एनिडने दोन कप काढले, त्यातला एक परत ठेवला, मग परत काढला. गुरुवारी दुपारी ती खुर्चीत बसून राहिली, हातात विणकाम होतं पण सुया वाजत नव्हत्या. नेहमीची वेळ टळली. मी बाहेरच्या रस्त्यावर कान लावून होतो, आणि खरं सांगायचं तर माझं म्हणणं खोटं ठरावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

दार वाजलं. ब्रायनी होती. म्हणाली, "माझी एक वायर राहिली इथे."

म्हणजे वायरीसाठी. एनिडने खिळ्यावर टांगलेली वायर दाखवली. ब्रायनी ती घ्यायला आत आली आणि तिथेच उभी राहिली.

"बस, पोरी. वायर कुठे पळून जात नाही."

ती बसली. चहा झाला. बन नव्हते, म्हणून एनिडने फळांचा केक आणि त्याबरोबर चीज कापलं. दोघी हवेबद्दल बोलल्या, मेंढ्यांबद्दल बोलल्या. मग एनिडने कप बाजूला ठेवला.

"तू सगळ्यांना विचारत फिरतेस. तुला कुणी विचारलंय का?"

"काय?"

"मरणाची भीती वाटते का."

ब्रायनी हसायला गेली आणि हसू अर्ध्यातच राहिलं. तिने कपाकडे बघितलं. मी कान टवकारले. म्हटलं, आता ही एखादं गोड, घोटीव उत्तर देईल, यांच्या धंद्यात ती तयारच असतात. उत्तर आलं नाही. तिचा श्वास मधेच अडला, सुटला, परत अडला. एनिडने हात टेबलावर पुढे ठेवला होता, नुसता ठेवला होता.

आणि नेमकी तेव्हाच माझी बॅटरी उतरली.

बॅटरी उतरत आली की मी दोनदा बारीक सूर काढतो, तो फक्त माझ्या मालकिणीला ऐकू येतो. नव्या बॅटऱ्या खिडकीतल्या निळ्या भांड्यात असतात, हाताच्या अंतरावर नाही पण फार लांबही नाही. एरवी पहिला सूर आला की एनिड हातातलं सगळं टाकून उठते. डॉक्टरसमोर उठलीय, भर सभेत उठलीय. कारण मी गेलो की तिच्यापुरतं जग बंद.

मी पहिला सूर काढला. तिने ऐकला, तिचं अंग किंचित हललं. मग स्थिर झालं. ब्रायनी खाली बघत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. एनिड उठली असती, खुर्ची वाजली असती, भांड्याचं झाकण वाजलं असतं, आणि त्या पोरीच्या ओठांपाशी जे काही येऊन थांबलं होतं ते परत आत गेलं असतं.

मी दुसरा सूर काढला. एनिड ब्रायनीच्या तोंडाकडे बघत राहिली. ओठ उघडलेले मी ऐकले. हो, ओठ उघडण्याचाही आवाज असतो. पुढचं मला माहीत नाही. मी विझलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी बॅटरी पडली. तेव्हापासून मी सुगावा काढायचा प्रयत्न करतोय. एनिड शेजारणीला काही सांगत नाही, भाचीला सांगत नाही, एकटी असताना स्वतःशीसुद्धा पुटपुटत नाही. ब्रायनी दर गुरुवारी येते. माईक आणत नाही. वायर अजून खिळ्यावरच आहे, रोज दिसते पण नेत नाही, आणि मला त्यातही काहीतरी काळंबेरं दिसतं. पॉडकास्टचं ठरलेलं नाही. ऑल्विन विषय काढतो, मंडळी शांत बसतात, आणि परत थांबायचं ठरतं. एनिड आता सगळ्यांशी एकाच आवाजात बोलते, मीटरवाल्याशीही.

मी आता जुना झालोय. दवाखान्यात नवीन यंत्रं आलीत, रात्रभर तारेला लावून ठेवायची. तसलं घ्या म्हणून तिथली मुलगी मागे लागलीय. घेईलही एनिड. मी परत चमच्यांत जाईन, माझी तक्रार नाही. जाता जाता एकच मागणं आहे, आणि मी, ज्याचं सगळं पोट बॅटरीवर, मी मागतोय म्हणून तरी ऐका. तुमच्या समोर कुणी असं येऊन बसलं, आणि बोलायच्या आधी थांबलं, तर माझ्यासारख्याने कितीही सूर काढले तरी उठू नका.